दोन लिव्हर आणि वाटीभर खोबरेल

माझ्या सासऱ्यांच्या सायकलला मी वाटीभर खोबरेल तेल पाजलं, ते अत्यंत चांगल्या हेतूनं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यावरून माझ्या हेतूबद्दल आमच्या घरात, गल्लीत आणि पोलादपूरच्या एका चहाच्या हॉटेलात बरीच चर्चा झाली. मी महाडजवळच्या नाते गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. अठरा वर्षं झाली. तरफ, तरफेचे तीन प्रकार, घर्षण, घर्षणाचे फायदे-तोटे हे सगळं मी झोपेतही शिकवू शकते (मुलं झोपेतच शिकतात). तरीही अंगठ्याएवढ्या दोन तरफांनी मला चार दिवस घाम फोडला.

आप्पा म्हणजे माझे सासरे. वय एकाहत्तर, टपाल खात्यातून रिटायर. तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना त्यांनी ही सायकल एका साहेबाकडून घेतली, कारण साहेबाच्या गुडघ्यांनी साहेबाच्या आधी राजीनामा दिला होता. सायकल विलायती, शर्यतीची. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर बोटाएवढे, आणि सीट अशी की बसणाऱ्यानं आधी मनाची तयारी करावी. हल्लीच्या सायकलींना गिअरचे खटके हँडलवर असतात. हिला ते खाली, पुढच्या तिरक्या नळीवर. डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा दोन छोट्या लिव्हर. उजवी मागे ओढली की तार ताणते, मागची चेन मोठ्या चक्रावर चढते आणि सायकल हलकी होते. पुढे ढकलली की चेन बारक्या चक्रावर उतरते आणि सायकल जड होते. (डावीचं काम थोडं वेगळं आहे, पण ते सांगत बसले तर तुमचेही डोळे माझ्या आठवी ब सारखे मिटायला लागतील.)

रोज पहाटे पांढरा शर्ट घालून आप्पा चवदार तळ्याला तीन फेऱ्या मारत, मग नात्याच्या रस्त्यानं एक चक्कर, मग घरी येऊन चहा. गेल्या वर्षी त्या रस्त्यावर एका म्हशीनं ऐनवेळी विचार बदलला आणि आप्पा पडले. मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. तेव्हापासून जो येईल तो एकच म्हणायचा, "आता सायकल सोडा." आमचे हे म्हणायचे, नणंद फोनवरून म्हणायची, म्हैसवालाही म्हणून गेला!

त्यात कळस केला माझ्या बाबांनी. माझं माहेर कापड्याचं, पोलादपूरच्या पुढे. बाबा भातशेती करतात आणि तोंडाला येईल ते बोलतात. माझ्या भावाच्या साखरपुड्यात, भर मांडवात, ते आप्पांना म्हणाले, "व्याही, ती सायकल टाका आता. कापड्याचा चढ काय तुमच्याच्यानं व्हायाचा नाय."

आप्पांनी हातातला पेढा बशीत परत ठेवला. आमच्याकडे आप्पांनी गोड परत ठेवलं की सगळे सावध होतात.

"पोलादपूरला चहा घेईन," आप्पा म्हणाले, "आणि तिथून कापड्यापर्यंत एकदाही पाय टेकणार नाही."

"आनि टेकलात तर?"

"तर सायकल तुमच्या गोठ्यात टांगा. परत मागणार नाही."

"आनि नाय टेकलात तर?"

"तर तुम्ही ती स्वतःच्या हातानं धुवायची. आणि 'सायकल सोडा' हे परत कुणीही बोलायचं नाही."

मे महिन्याचा शेवटचा रविवार ठरला. साखरपुडा भावाचा होता, पण शब्दांची देवाणघेवाण या दोघांचीच जास्त झाली.

खरं सांगते, मला आप्पा जिंकायला हवे होते. बाबा माझे असले तरी! प्लॅस्टर घालून आप्पा खिडकीशी बसायचे ते दोन महिने मी पाहिले होते. जेवत होते, विचारलं तर बोलत होते, पण माणूस घरात नसल्यासारखा होता. सायकल गोठ्यात टांगली गेली असती तर आप्पा पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसले असते. ते बघायची माझी अजिबात तयारी नव्हती.

आता माझ्या चांगल्या हेतूकडे येते.

आमच्या महाडला पाऊस नुसता पडत नाही, तो चार महिने राहायला येतो. त्यामुळे मे महिन्यात घरोघरी आगोट चालते. सुकी मासळी, मसाला, पापड, लाकडं, जे जे पावसाळ्यात लागेल ते सगळं भरून ठेवायचं. आणि त्याचबरोबर घरातलं लोखंड म्हणून जे काही असेल त्याला तेल पाजायचं. नाही पाजलं तर ऑगस्टमध्ये कुलूप उघडत नाही आणि सप्टेंबरमध्ये कुलूप उरतच नाही! कोयता, विळी, कडीकोयंडे, शिलाई मशीन, खिडक्यांच्या बिजागऱ्या, सगळ्यांचा तेलाचा मान असतो. या कामात मी आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. शेजारच्या काकू म्हणतात, वैशालीच्या हाती बाटली आली की घरातल्या माणसांनीही जरा लांब उभं राहावं.

शर्यतीच्या आधीच्या मंगळवारी आप्पा दोन-तीन दिवसांसाठी पेणला नणंदेकडे गेले. बुधवारी मी तेलाला बसले. दुपारपर्यंत सगळं घर गुळगुळीत झालं. वाटीत तेल उरलं. आणि माझं लक्ष पडवीतल्या सायकलकडे गेलं.

मनात आलं, आप्पा एवढे शर्यतीला निघालेत, आपणही काहीतरी करावं. लिव्हरच्या भोवती जुनं मळकट किटण साचलं होतं. ("किटण नव्हतं ते, चाळीस वर्षांची पकड होती," असं नंतर ह्यांनी मला सुनावलं. नंतर सगळ्यांनाच सगळं सुचतं.) स्क्रूला खाच होती. मी रुपयाचं नाणं घातलं, फिरवलं, आणि दोन्ही लिव्हर सुट्या केल्या. आतून काय काय निघालं! गोल वायसर, वाकडा वायसर, चौकोनी भोकाची पट्टी, पुन्हा एक वायसर. हे सगळं दुप्पट. मी ते वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं, डावीचं डावीकडे, उजवीचं उजवीकडे. फोटो काढायची गरज वाटली नाही. विज्ञानाच्या शिक्षिकेची निरीक्षणशक्ती असते ना!

मग रॉकेलनं पुसलं, खोबरेलात बुडवलं, आणि हात धुवायला मोरीत गेले.

परत आले तर आमचे हे खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. तहसील कचेरीत कारकून आहेत, त्यामुळे कागद दिसला की वाचतात.

"अहो! त्या पेपरवर काय होतं?"

"राशिभविष्य," हे म्हणाले. "तुझं आज जपून आहे."

"वायसर कुठायत?"

ह्यांनी खाली बघितलं. सगळे वायसर फरशीवर, एकत्र, डावे-उजवे विसरून सुखानं पडले होते.

तरीही मी डगमगले नाही. जोडायला बसले. चौकोनी भोकाची पट्टी नळीवरच्या चौकोनी खुंटीत बसते. पण चौकोन चार बाजूंनी बसतो! म्हणजे एका लिव्हरचे चार प्रकार, दोन्हींचे मिळून सोळा. पहिल्या प्रयत्नात डावी लिव्हर पोलादपूरकडे आणि उजवी रायगडाकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्यात डावी सरळ आणि उजवी आडवी, अशी की पायडल मारणाऱ्याचा गुडघा तिच्यावर आपटलाच पाहिजे. तिसऱ्यात दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या. संध्याकाळपर्यंत सोळापैकी पंधरा रचना चुकीच्या आहेत हे मी प्रयोगानं सिद्ध केलं. सोळावी करायला घेतली तेव्हा लक्षात आलं की आधीच्या पंधरा नक्की कुठल्या होत्या ते मला आठवत नाही.

बरं, वाकडेपणा हा एक भाग. दुसरा त्याहून वाईट होता. मागचं चाक उचलून धरलं, लिव्हर मागे ओढली, चेन मोठ्या चक्रावर चढली. शाबास! हात सोडला, आणि लिव्हर आपली आपण पुढे घसरली. टक्क! चेन पुन्हा बारक्या चक्रावर.

"घट्ट कर की," हे म्हणाले.

घट्ट केली. आता ती हलेचना. जरा सैल केली. घसरली. पुन्हा घट्ट केली. पुन्हा हलेना.

गुरुवारी रिक्षात घालून सायकल बाजारातल्या दुकानात नेली. लहानपणी हे जिथे हवा भरायचे ते दुकान आता बॅटरीच्या स्कूटर विकतं. मालकानं सायकलभोवती दोनदा प्रदक्षिणा घातली, लिव्हरला हात लावला आणि आदरानं विचारलं, "म्याडम, ह्याचं चार्जिंग कुठून करतात?"

घरी आलो तर सासूबाई कैरीच्या लोणच्याला बसल्या होत्या. त्यांनी एकवार सायकलच्या लिव्हरकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे.

"अगो, ही शिंगा अशी वाकडी कशी झाली?"

मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी मोहरीचा हात कपाळाला लावला.

"म्हंजे आता सगला गाव काय बोलंल ठावं हाय? सुनेनं म्हायेरच्या बाजूनं डाव साधला! बापाला जिंकवाया सासऱ्याची सायकल मोडली!"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी मटकन खाली बसले. (बसले ती नेमकी पक्कडीवर.) मोडली ती मोडली, वर मी माहेरची हेर! त्या क्षणी मी ठरवलं की आप्पांना आत्ता काही सांगायचं नाही. काहीतरी करून लिव्हर सरळ करायच्या आणि गप्प बसायचं. शुक्रवारी आप्पा पेणहून येईपर्यंत मी उजवी सरळ केली. डावी मात्र जराशी मान वाकडी करून राहिली. दोन्हींचे स्क्रू ह्यांच्याकडून जीव खाऊन आवळून घेतले आणि सायकलवर चादर टाकली.

नशीब असं की शर्यतीआधी दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही, असा आप्पांचा नेम होता. पायांना विश्रांती! त्यामुळे चादर निघाली ती थेट रविवारी सकाळी सहा वाजता.

आप्पांनी सायकल पाहिली. चष्मा वर केला. खाली केला.

"डावी जरा वाकडी दिसते."

"आप्पा, चष्म्याला डाग असेल," मी म्हणाले. अठरा वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी मी!

सासूबाई खोकल्या. आप्पांनी चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा पाहिलं आणि टांग टाकली.

मागून शेजाऱ्यांच्या गाडीत आम्ही तिघं. हे गाडी चालवत होते, शेजारी सासूबाई मांडीवर लोणच्याची बरणी घेऊन (व्याह्यांकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हरायला जात असलो तरी), आणि मागे मी, मुठी आवळून. पहिली चार-पाच किलोमीटर बरी गेली. मग रस्ता खडबडीत लागला, हादरे बसले, आणि ह्यांनी आवळलेले स्क्रू हळूहळू सैल झाले. मला गाडीतून सगळं दिसत होतं. आप्पा लिव्हर मागे ओढत, हात हँडलवर नेत, की लिव्हर पुढे. टक्क! पुन्हा ओढत. टक्क! पुढे तर त्यांनी युक्ती केली. एक हात हँडलवर आणि दुसरा वाकून लिव्हरवर, ती दाबून धरलेली. बाजूनं ट्रक चाललेले, आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस एका हातानं सायकल चालवतोय!

"थांबवा हो त्यांना!" मी ओरडले.

"थांबवून काय सांगू?" हे म्हणाले. "सुनेनं गिअरला चंपी केली म्हणून?"

पोलादपूर आलं तेव्हा आप्पांचा पांढरा शर्ट अंगाला चिकटला होता. ते हॉटेलातल्या बाकड्यावर बसले आणि चहा सांगितला. यापुढेच खरी पैज होती, चढ तिथूनच सुरू होणार होता. लिव्हर चढावर घसरली तर पाय टेकणार, आणि पाय टेकला तर सायकल माझ्याच बापाच्या गोठ्यात, म्हशींच्या वर. माझ्यानं राहवेना. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आप्पा, डाग चष्म्याला नव्हता. लिव्हर मी उघडल्या होत्या. तेल घातलं."

आप्पांचा कप ओठांशी थांबला. "तेल? गिअरला?"

"हो."

"किती?"

"वाटीभर."

बाकड्यावरचे दोघं जण माझ्याकडे वळून बघायला लागले. मला वाटलं आता आप्पा ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त कपाकडे बघत म्हणाले, "माझा चहा संपेपर्यंत वेळ आहे तुझ्याकडे. मी जरा हळूच पितो." आणि हॉटेलवाल्याला म्हणाले, "अजून एक सांगून ठेव रे."

मी धावले. नाणं काढलं, स्क्रू फिरवायला लागले. हात तेलानं असे माखले की नाणं फिरायच्या ऐवजी बोटं फिरायला लागली. एसटीची वाट बघणारी पाच-सहा माणसं भोवती जमली. एकानं सांगितलं, तार काढा. दुसऱ्यानं सांगितलं, तार काढू नका. तिसऱ्यानं मोबाइलचा टॉर्च लावून धरला, सकाळी आठच्या लख्ख उन्हात! चौथा म्हणाला, "ताई, सायकलपेक्षा कापड्याला जीप बरी पडंल."

तेवढ्यात सासूबाई बरणी घेऊन आल्या. गाडीच्या हादऱ्यांनी झाकण सैल होऊन तेल झिरपत होतं. "हे जरा घट्ट लाव गो."

मी झाकण धरलं. फिरवलं. हात सर्रकन सरकला. पुन्हा फिरवलं. पुन्हा सरकला.

"अगो, तेलाचं हात घेऊन झाकण फिरंल काय कधी?" सासूबाई वैतागल्या. "राख लाव हाताला! येवढी शिकलेली तू!"

मी बरणीकडे बघितलं. लिव्हरकडे बघितलं. पुन्हा बरणीकडे बघितलं. आणि अठरा वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या डोक्यात शिरलं. घर्षण! ती लिव्हर जागेवर राहते ती फक्त घर्षणावर! वायसर वायसरला घट्ट धरून ठेवतो म्हणून ती जिथे सोडू तिथे थांबते. आणि मी नेमकं तिथेच तेल ओतलं होतं. पावसाळ्याच्या नादात मी घरातलं सगळं घसरवलं, पण जे घसरायला नको होतं तेही!

"आई, तुम्ही थोर आहात!" मी म्हणाले.

"ते ठावं हाय. झाकण लाव."

झाकण ह्यांनी लावलं. मी हॉटेलच्या चुलीकडे धावले, मूठभर राख घेतली, वायसर काढून राखेत घोळवले, घासले, ओढणीनं पुसले. (ओढणी नवी होती. पण इतिहास घडत असताना ओढणी बघायची नसते.) वायसर कोरडे ठणठणीत झाले. मग लक्षात आलं, चौकोनी भोकाच्या दोन्ही पट्ट्यांच्या कडेला एक बारीक दात आहे, आणि दोन्ही दात एकाच बाजूला येतायत. म्हणजे मुळात डावीची पट्टी उजवीला आणि उजवीची डावीला गेली होती! सोळाच्या सोळा रचना करूनही जमलं नसतं. पट्ट्या बदलल्या. डावी बसवली, उजवी बसवली, नाणं फिरवलं.

दोन्ही लिव्हर पुढे तोंड करून, नळीला समांतर, एका रेषेत उभ्या राहिल्या. ना एक इंच इकडे, ना तिकडे. मागे ओढून सोडली, तिथेच थांबली! पुन्हा पुढे नेली, तिथेच थांबली! टॉर्चवाल्यानं टाळ्या वाजवल्या. जीपवाला म्हणाला, "म्याडम, आमची पण एक सायकल हाय."

काय सुंदर दिसत होत्या त्या! मी तीन बाजूंनी फोटो काढले. आप्पांचा दुसरा चहा नुकताच संपत होता. ते आले, वाकले, दोन्ही लिव्हरवरून बोट फिरवलं.

"सरळ झाल्या," ते म्हणाले.

"झाल्या ना?" माझा ऊर भरून आला. "एकदम सरळ! आता या लिव्हरना अजिबात हात लावायचा नाही हं, आप्पा!"

आप्पांनी मान डोलावली आणि टांग टाकली.

तो चढ मी जन्मभर विसरणार नाही. सुरुवातीला बरे चालले. मग रस्ता उभा झाला. आप्पा सीटवरून उठले, हँडल दोन्ही हातांनी धरून एकेक पायडल सबंध वजनानं खाली रेटायला लागले. सायकल इतकी हळू चालली की एक कोंबडी आधी मागून आली, मग बाजूनं चालली आणि मग पुढे निघून गेली. ह्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली तरी ती पुढे पळायला बघत होती. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होते, "आप्पा, शाब्बास! आप्पा, आलंच!"

शेवटच्या वळणावर माझे बाबा उभे. त्यांच्यामागे अर्धी वाडी. बाबांच्या हातात काठी, आणि नजर आप्पांच्या पायांवर. आप्पा जवळ आले तसे बाबा बाजूनं चालायला लागले, कमरेत वाकून, पायाखाली बघत. सायकल एक क्षण थांबली. खरंच थांबली! डगमगली. आणि मग त्या वाकलेल्या माणसाच्या, माझ्या बाबांच्याच तोंडून निघालं, "रेटा, व्याही! रेटा! दोन हात ऱ्हायलंत!"

आप्पांनी रेटलं. चाक फिरलं. सायकल आमच्या अंगणात शिरली, पेंढ्याच्या उडवीला जाऊन टेकली, आणि मगच आप्पांचा पाय जमिनीला लागला.

काय जल्लोष झाला! वाडीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली. बाबा काठी टाकून पुढे आले. "जय भीम, व्याही! हरलो मी!" आणि त्यांनी आप्पांना अशी मिठी मारली की सायकलनं केलं नाही ते बाबा करतात की काय, अशी भीती वाटली. आप्पांचे पाय थरथरत होते, पण चेहरा असा उजळला होता की मी गाडीच्या दाराआड जाऊन डोळे पुसले. (राखेच्या ओढणीनं पुसले. त्यानंतरचे माझे सगळे फोटो म्हणूनच तसे आहेत.)

बाबांनी लगेच बादली मागवली. शब्दाला पक्के. अंगणाच्या मधोमध बसून, सगळ्यांच्या देखत, ते सायकल धुवायला लागले. मला वाटलं, आता माझीही थोडी वेळ आली. मी घसा साफ केला आणि वाडीला समजावून सांगितलं की विजय पायांचा असला तरी त्यामागे शास्त्र आहे. तरफ म्हणजे काय, घर्षण म्हणजे काय, चढावर लिव्हर मागे ओढली की चेन मोठ्या चक्रावर जाते आणि सायकल हलकी कशी होते. राखेपर्यंत सगळं सांगितलं. बायका कौतुकानं ऐकत होत्या. एक म्हणाली, "शिक्षणाचा उपेग होतो बाय असा."

तेवढ्यात चेनला फडकं मारणारे बाबा थांबले. वाकून मागच्या चाकाकडे बघितलं.

"व्याही, चेन तर सगल्यात बारक्या चक्रावर हाय."

"असेल," आप्पा म्हणाले. ते खुर्चीत बसून लिंबूसरबत पीत होते.

"असंल काय? म्या पावर टिलर चालवतो, येवढा कलतंय मला. चढाला येवढा जड गिअर कोन टाकतो? बदलला का नाय?"

आप्पांनी सरबताचा पेला खाली ठेवला आणि साध्या आवाजात सांगितलं, "वैशाली म्हणाली होती, हात लावू नका. तिनं एवढ्या मेहनतीनं सरळ केल्या होत्या. वाकड्या झाल्या असत्या तर तिला वाईट वाटलं असतं."

अर्धी वाडी माझ्याकडे बघायला लागली. गिअर बदलायचा म्हणजे लिव्हर हलणार, आणि हलली की रांगेतून बाहेर जाणार. म्हणजे माझा शब्द राखायला हा माणूस तो सगळा चढ सगळ्यात जड गिअरवर चढून आला होता! माझी सगळी दुरुस्ती, राख, शास्त्र आणि ओढणी त्यांच्या काहीही उपयोगाला आली नव्हती. उलट मी दुरुस्त केलं नसतं, तर त्यांनी निदान लिव्हर ओढून तरी बघितली असती!

हे पोट धरून हसत उडवीवर आडवे झाले. सासूबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. बाबा तर फडकं हातात घेऊन बसल्या जागी डुलत होते. "बाय, तू आमच्या बाजूनंच व्हतीस काय गो?"

दुपारी जेवून निघालो. आप्पांनी स्वच्छ धुतलेली सायकल रस्त्यावर आणली. समोर सगळा उतार. त्यांनी हँडल धरलं, टांग टाकायला पाय उचलला, आणि मग थांबले. अख्ख्या वाडीच्या देखत माझ्याकडे वळले आणि अगदी आठवी ब मधल्या मुलासारखं विचारलं, "बाई, आता हात लावला तर चालेल का?"

"लावा," मी म्हणाले. अठरा वर्षांत माझं खरंच उपयोगी पडलेलं विज्ञान म्हणजे हा एक शब्द.